बोनेटखालचा उपास

कोलमन टूहीने आयुष्यात फारसे निर्णय घेतले नव्हते. घरातले त्याची बायको अट्रॅक्टा घेई, कचेरीतले साहेब घेत आणि उरलेसुरले पाऊस घेई. पण बारा ऑगस्टच्या संध्याकाळी त्याने एक निर्णय कुणालाही न विचारता, अगदी एकट्याने घेतला. बायकोने केलेल्या बेदाण्याच्या केकचे दोन जाड तुकडे त्याने गाडीच्या एअर फिल्टरमध्ये लपवले.

केक लपवायला घरात दुसरी जागा नव्हती का, असं कुणीही विचारेल. जागा पुष्कळ होत्या. अट्रॅक्टाला ठाऊक नसलेली एकही नव्हती.

त्याचं असं झालं होतं. फेब्रुवारीत त्यांची लेक नोरीन दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, पण एवढीशी, की तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक बोळात, मेरीमातेच्या तसबिरीखाली अट्रॅक्टा गुडघे टेकून बोलली, "पोर वाचू दे. आम्ही लॉक डर्गच्या बेटावर यात्रेला जाऊन तीन दिवस उपास काढू." आणि कोलमनही तिच्या शेजारी गुडघे टेकून "मीसुद्धा" असं इतक्या मोठ्याने म्हणाला, की जाणारी नर्स थांबून बघायला लागली. त्या क्षणी त्याने ते अगदी मनापासून म्हटलं होतं. काचेपलीकडे ती मूठभर छाती वरखाली होत होती, आणि त्या बदल्यात देवाने त्याचा उजवा हात मागितला असता तरी त्याने कोपरापासून दिला असता.

पोर वाचली. आता सहा महिन्यांची होऊन आजोबांचा चष्मा ओढण्याइतकी दांडगी झाली होती. नवस मात्र राहिला होता. जूनमध्ये कोलमनच्या भावाचं गवत कापायचं निघालं, जुलैत कोलमनची कंबर धरली, आणि बघता बघता हंगामाचा शेवटचा दिवस आला. तेरा ऑगस्टला दुपारी तीनला शेवटची होडी सुटणार. ती चुकली की पुढच्या जूनपर्यंत बेट बंद. नवस फिटेपर्यंत अट्रॅक्टाने चहातली साखर सोडली होती. कोलमननेही सलगम सोडला होता. (सलगम त्याला लहानपणापासूनच घशाखाली उतरत नसे, पण सोडला तो सोडलाच.)

बेटावरच्या तीन दिवसांचं त्याला भय नव्हतं. अनवाणी खडकांवरून फिरायचं, एक रात्र जागायची, दिवसातून एकदा कोरा चहा आणि कोरडा टोस्ट. तिथे सगळेच उपाशी, त्यामुळे लाज नाही की मोह नाही. खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. सकाळी होडी काठाला लागते, माणूस गाडीत बसतो, आणि उपास मात्र मध्यरात्रीपर्यंत चालूच. घरापर्यंत दोन तासांचा रस्ता, आणि वाटेतल्या प्रत्येक गावात कुणी ना कुणी डुकराचं मांस तळत असणारच. म्हणून कोलमनने ठरवलं होतं, की अर्ध्या वाटेत "जरा तेल बघतो" म्हणून उतरायचं आणि बोनेट वर करायचं. वर केलेल्या बोनेटमागे माणूस काय चघळतो ते आत बसलेल्याला दिसत नाही. अट्रॅक्टा खिसे बघेल, पिशव्या बघेल, पण सव्वीस वर्षांच्या संसारात तिने बोनेटला हात लावला नव्हता, पवित्र पाणी शिंपडण्यापुरता सोडून.

गाडी जुनी होती. तिचा एअर फिल्टर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसवलेलं झाकणाचं पातेलंच. वरचा एक नट फिरवला की झाकण निघे. आत कागदाचं कडं आणि मधोमध छान, कोरडी, रिकामी जागा. एवढी जागा कुणी कशासाठी ठेवली असेल, असा एक विचार कोलमनच्या मनात येऊन गेला. पण तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता अट्रॅक्टाने बोनेटवर पाणी शिंपडलं, प्रवाशांच्या संत ख्रिस्तोफरला दोन शब्द सांगितले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. कोलमनने किल्ली फिरवली.

इंजिन फिरलं. चांगलं जोरात फिरलं. फिरत राहिलं, फिरत राहिलं, पण धरेना. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पेट्रोलचा भपकारा आला. ती रिकामी जागा कशासाठी असते, ते कोलमनला एकदम समजलं. इंजिन श्वास घ्यायला बघत होतं आणि कोलमनच्या प्लास्टिकच्या पिशवीने त्याचं तोंड दाबून धरलं होतं.

उपाय एका मिनिटाचा होता. झाकण काढायचं, पिशवी खिशात घालायची.

"तू आत जाऊन बस जरा," तो बायकोला म्हणाला. "उगाच पेट्रोलचा वास."

"मी इथेच माळ जपते," अट्रॅक्टा उतरून त्याच्या अगदी कोपराशी उभी राहिली. "तुला आधार."

बोनेट वर झालं मात्र, समोरच्या घरातून फेस्टस गॉर्मली खिशात हात घालून रस्ता ओलांडून आलाच. फेस्टसने बत्तीस वर्षं बसच्या डेपोत मेकॅनिकी केली होती. त्या गावात कुणाच्या गाडीचं बोनेट वर झालेलं दिसलं की पुरुष मयताला यावेत तसे येत. गुपचूप उभं राहायचं, आत डोकावायचं, मान हलवायची. शिवाय आल्या आल्या गाडीचं विचारणं म्हणजे फाजील घाई समजत. त्यामुळे फेस्टसने आधी आभाळाबद्दल मत दिलं, मग गवताबद्दल, मग नोरीनच्या पोरीला दात आले का ते विचारलं. पावणेअकरा वाजले.

"सुरू होत नाही वाटतं," शेवटी तो म्हणाला.

"होईल," कोलमन म्हणाला. "जरा दमलीय. तू कशाला तसदी घेतोस?"

फेस्टसला तसदी घ्यायचीच होती. त्याची व्हॅन धाकट्या जावयाने नेली होती आणि त्याला दुपारपर्यंत दुसरं काही काम नव्हतं. (व्हॅन नाही हे ऐकून कोलमनची एक आशा मेली. सकाळची बस आठलाच गेलीय हे आठवून पहिली मेली होती.) त्याने कोलमनला किल्ली फिरवायला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. इतकं जोरात फिरतंय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठणठणीत, असा निकाल दिला. पुढे काय ते एकदम सांगितलं नाही. आधी चहाला नको म्हणाला, पुन्हा नको म्हणाला, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणाला, तशी अट्रॅक्टा आत गेली.

कोलमनने झेप घेतली. नटाला हात लागतो न लागतो तोच फेस्टस त्याचं मनगट धरून म्हणाला, की अरे, आधी ठिणगी बघायची, मग पेट्रोल, हवा सगळ्यात शेवटी. डेपोचा नियम. एकदा क्रम मोडलेला एक माणूस अजून त्याच बसखाली आहे म्हणतात.

एवढ्यात अट्रॅक्टा चहा आणि केकचा डबा घेऊन परत आली. डबा तिने हातात तोलून बघितला.

"काल रात्री हा जड होता," ती म्हणाली.

"उंदीर असेल," कोलमन म्हणून गेला.

"असेल. हल्ली उंदीर खाऊन झाल्यावर झाकण लावतात."

फेस्टसला तिने एक तुकडा दिला आणि पुन्हा माळ हातात घेतली. आदल्या मध्यरात्रीपासून उपास सुरू झालेल्या कोलमनसमोर फेस्टस तो केक अगदी सावकाश, बेदाणा न् बेदाणा वेगळा करून खायला लागला. असा केक आपल्या बायकोलाही जमत नसे, असं म्हणाला. देव तिला सद्गती देवो.

मग त्याने प्लग काढला, तारेला लावून इंजिनावर टेकवला आणि किल्ली फिरवायला सांगितली. चटचट निळी ठिणगी पडली. प्लग हातात घेऊन हुंगला. पेट्रोलने चिंब. चारी प्लग तसेच. ते पुसून, वाळवून परत बसवले आणि पुन्हा किल्ली. इंजिन फिरलं, धरलं नाही, प्लग पुन्हा भिजले.

"ठिणगी आहे, पेट्रोल तर जास्तच आहे," फेस्टस म्हणाला.

"मग हवेचं बघा की," अट्रॅक्टा माळेवरची नजर न काढता म्हणाली.

कोलमनने घाईघाईने सुचवलं, की कॉइल असेल. फेस्टसने कॉइल तपासली. मग कोलमन म्हणाला पंप असेल, मग म्हणाला वायरिंग, मग म्हणाला गेल्या आठवड्यात भरलेलं पेट्रोलच वाईट असेल. फेस्टस भला माणूस, प्रत्येक गोष्ट उघडून, बघून, पुसून परत लावत होता. मधे फादर हेनेगन सायकलवरून जाताना थांबले, त्यांनीही आत डोकावून मान हलवली आणि इंजिनासाठी एक प्रार्थना म्हटली. आता देवाचा माणूसही आपल्या केकवर वाकून प्रार्थना करतोय, हे पाहून कोलमनला वाटलं, जमिनीने तोंड उघडावं. जमिनीने उघडलं नाही. तीही जणू हवा कोंडल्यासारखी गप्प होती.

साडेबारा वाजले. एकच्या आत निघालं नाही तर होडी चुकणार होती. अट्रॅक्टाची माळ थांबली. ती आपल्या पिशवीकडे बघत होती. त्यात तिने नोरीनच्या पोरीचा पहिला लोकरी मोजा घेतला होता, बेटावर ठेवायला.

"राहू दे फेस्टस," ती हळूच म्हणाली. "पुढच्या जूनमध्ये जाऊ. देव समजून घेईल. मी साखरेशिवाय राहीन की, सवय झालीय आता."

ती रागाने बोलली असती तर कोलमनने सहन केलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. त्याला एकदम तो बोळ दिसला, ती काच, ती वरखाली होणारी छाती. अख्खा उजवा हात द्यायला निघालेला माणूस दोन तुकडे केकवर अडून बसला होता.

"फेस्टस," तो म्हणाला. "झाकण काढ."

फेस्टसने नट फिरवला आणि झाकण उचललं. आत बघितलं. मग कोलमनकडे बघितलं. मग पुन्हा आत. आपल्या मिशीवरचा केकचा कण त्याने बोटाने पुसला, आणि बत्तीस वर्षं बसच्या पोटात काढलेल्या माणसाच्या गंभीरपणाने म्हणाला, "उंदीर, बाई. घरटं केलंय."

"बिचारा," अट्रॅक्टा म्हणाली. "कोलमन, मागचं दार लावलं का बघून ये. आणि छत्री आण."

कोलमन धावत गेला. छत्री सापडायला दहा मिनिटं लागली. परत आला तेव्हा प्लग वाळून जागेवर बसले होते, अट्रॅक्टा गाडीत बसली होती आणि फेस्टस समोरच्या आपल्या घरी एक फेरी मारून येऊन काहीतरी चघळत होता. किल्ली फिरवताच इंजिन एका दमात सुरू झालं. कोलमनला रडूच आलं. फेस्टस खिडकीशी वाकून त्याच्या कानात पुटपुटला, "उंदराचं सामान फडक्यात बांधून बॅटरीशेजारी ठेवलंय. माझ्याकडून कुणाला कळायचं नाही."

तीनला सात मिनिटं कमी असताना ते होडीत चढले.

तीन दिवस कोलमन खरोखर उपाशी राहिला. खडकांवरून अनवाणी चालला, जागला, आणि तो एवढासा मोजा अट्रॅक्टाने ठेवला तेव्हा तिच्याइतकाच रडला. केकची आठवण त्याने मनाच्या बॅटरीशेजारी फडक्यात बांधून ठेवली होती. पण तिसऱ्या दिवशी काठावर उतरून तासभर गाडी हाकली, एका खानावळीच्या धुराड्यातून तळणाचा वास आला, आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"जरा तेल बघतो," तो म्हणाला.

"बघ," अट्रॅक्टा म्हणाली.

बोनेट वर झालं. फडकं होतं, गाठ पक्की होती. त्याने ती सोडली. आत एक उंदराचा सापळा होता, नवा कोरा, न लावलेला. त्याच्या टोकाला एकच बेदाणा अडकवलेला होता.

"तेल ठीक आहे ना?" आतून आवाज आला.

"ठीक आहे."

"केक फेस्टसने खाल्ला. त्याला उपास नाही." मग अगदी मायेने, "आणि तो बेदाणासुद्धा बारा वाजल्यावर हं."