किडक्या चहाची गुंगालिन मोहीम

“ह्यात दूध कधी घालायचं?” हा सवाल तैवानी चहाच्या दुकानी मालकीणबाईंस तोंडावर पुसावा, अशी पैज तेजश्री व क्लोई या जिवलग मैत्रिणींनी लाविली, आणि अखंडबडबडअलंकृत, इयर टेनभूषण, नुकत्याच ब्रेसेसमुक्त जाहलेल्या यामिनीबाईसाहेब यांनी ती कबूल केली, तेथोन कॅनबेरा प्रांती, गुंगालिन परगण्यात जी धामधूम उडाली तिची साद्यंत हकीकत, पदरची साखर न घालता, येथे लिहिली असे.

दुकान लाइट रेलच्या ठाण्यालगत. मैत्रिणी काचेबाहेर दबा धरोन हसण्यास सज्ज. परंतु मालकीण लिन आंटी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी बाईसाहेबांस स्टुलावर बसविले, आणि झाकणाच्या वाटीत पाने घालोन, पहिले पाणी केवळ पाने धुण्याचे म्हणोन फेकोन, मग एकामागोन एक पेले पुढे ठेविले. पहिला हिरवट, फुलांच्या वासाचा; दुसरा भाजका; तिसरा तर किड्यांनी चावलेल्या पानांचा, सबब मधासारखा. बाईसाहेबांनी भाजक्याचा घोट घेऊन, ह्यास खरपूस शेंगदाण्याचा वास येतो आणि मागाहून गोड लागते, असा अर्ज केला, आणि आंटींनी फर्माविले की शनिवारी दुकानी येत जा, करावयास शिकविते, गिऱ्हाइकांसही तूच पाज. बाईसाहेबांचे चित्त हरखले. बाहेरची फौज हसावयाचे विसरोन थंडीत कुडकुडत राहिली.

परंतु शनिवार हा मुलूख तीर्थरूप रविंद्रराव, सरकारी खात्याचे आयटी कंत्राटदार, यांनी स्वप्निल सरांच्या मॅथ्स कोचिंगास इनाम दिलेला. तो सोडविल्यावाचून दुकान हाती येत नाही. तेव्हा बाईसाहेबांनी मसलत केली की रविवारी आर्वोला, म्हणजे तिकडील बोलीत दुपारी, आईबाबांस चहा पाजोनच वश करावे, आणि भाजका व किडका अशा दोन पुड्यांनिशी स्वारी स्वयंपाकघरी दाखल जाहली.

प्रारंभीच मातोश्री विनीताबाईंनी ‘किडका’ हा शब्द ऐकोन, पुडी आत्ताच्या आत्ता परत करोन ये, असा हुकूम सोडिला. रविंद्ररावांनी इवलासा पेला पाहोन, हे तीर्थ आहे का, असे पुसत उजवा तळहात पुढे केला. बाईसाहेबांनी हा अपमान गिळला, आणि भाजक्याची चिमूट वाटीत घालोन वर पाणी ओतले, इतक्यात तेजश्रीचा फोन आला. मग जाता जाता मातोश्रींस सांगितले, “आई, पहिला चहा टाक, आलेच.”

येथे घात जाहला. बाईसाहेबांच्या मनी टाकणे म्हणजे सिंकमध्ये ओतणे. मातोश्री तर लग्नापासोन सकाळ-संध्याकाळ चहा टाकीत आलेल्या. त्यांनी भाजक्याची अख्खी पुडी पातेल्यात रिकामी केली, आणि आले ठेचोन, साखर घालोन, फुल क्रीम दूध ओतोन, गॅस मोठा केला. बाईसाहेब परतोन पाहतात तो तैवानचा डोंगर उतू जातो आहे.

“टाक म्हणजे फेक गं, आई.”

“मग फेक म्हणायचं. मराठी नीट बोलत जा.”

रविंद्ररावांनी तो काढा मगभर पिऊन, बेस्ट झालाय, तैवानवाल्यांना आलं पाठवायला पाहिजे, असा निवाडा दिला.

निम्मी रसद बुडाली. मग बाईसाहेबांनी फोन बंद करोन, उरलेला किडका स्वहस्ते वाटीत घातला आणि पहिले पाणी स्वहस्ते फेकिले. पहिल्या पेल्यास रविंद्रराव म्हणाले, गरम पाणी आहे. दुसरा तळापर्यंत रिता केला. तिसरा नाकाशी धरोन, “मध कधी घातलास?” असे पुसते जाहले. मध नाही, सगळी किड्यांची करामत, हे कळताच मातोश्रींनी परत करावयाची ती पुडी हुंगोन पाहिली आणि आपला पेला मुकाट्याने पुढे सरकविला. मग रविंद्रराव बोलले, “अजून आहे का गं?” आणि त्याच क्षणी गुंगालिनचा गड सर जाहला, अशी नोंद करणे प्राप्त आहे.

बाईसाहेबांनी वाटीवर हात ठेविला, आणि चौथा पेला ओतण्यापूर्वी फर्मान वाचिले, “आई, बाबा, शनिवारी मी लिन आंटींच्या दुकानात चहा करणार. मॅथ्स रविवारी घरी करीन. स्वप्निल सरांना मी शुक्रवारीच मेसेज केलाय. ते नो वरीज म्हणाले.”