अठरा डिग्रीची भिंत

फक्त पाच मिनिटं, असं विकास परुळेकरांनी त्या मंगळवारी दुपारी ठरवलं. ठरवायला काय जातं म्हणा. गेले दीड महिने ते रोज पाच मिनिटंच ठरवत होते आणि बायको, सीमाताई, शाळेत शिकवून घरी यायच्या अर्धा तास आधी दचकून उठत होते.

गोष्ट एसीची आहे. लालबागच्या नागवेकर चाळीत चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर परुळेकरांच्या दोन खोल्या. लेक नूपुर घरून काम करायची तेव्हा तिने आतल्या खोलीत एसी बसवून घेतला आणि त्याचं मशीन गच्चीवर ठेवलं. पुढे तिला बंगलोरला नोकरी लागली. सीमाताईंनी जुन्या साडीचा झबला शिवून एसीला घातला आणि विषय संपला, असं चाळ समजत होती.

चाळीची काही चूक नाही. विकासरावांचं एसीबद्दलचं मत सगळ्यांना तोंडपाठ होतं. "गॅलरीत खुर्ची टाका, बंदरावरचं वारं घ्या. एसी माणसाला मऊ करतो." चाळ कमिटीचा सेक्रेटरी अजित सावंत याने गॅलरीत एसीचं मशीन लावायची परवानगी मागितली, तेव्हा विकासरावांनी उभं राहून विरोध केला होता. (बसूनही भागलं असतं.) आणि हेच गृहस्थ रिटायर झाल्यावर रोज दुपारी दार लावून झबला काढायचे, अठरावर लावायचे आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे. विजेचं बिल वाढलं तेव्हा त्यांनी फ्रिजवर संशय घेतला. सीमाताईंनी बोलावलेला मेकॅनिक दोनदा येऊन बिचाऱ्या फ्रिजला तपासून गेला.

तर त्या मंगळवारी त्यांना खालून आलेल्या हाकेने जाग आली. "विकासकाका! ओ विकासकाका!"

त्यांनी खिडकीतून डोकावलं. मागच्या आवारात अजित, आठ-दहा शेजारी आणि हातात कॅमेरा घेतलेली एक मुलगी, सगळे मान वर करून त्यांच्याच भिंतीकडे बघत होते. तेव्हा त्यांना आठवलं, की आज मागच्या भिंतीची तपासणी. पावसाळ्याआधी भिंतीत कुठे लपलेली ओल आहे का ते बघायला कमिटीने इंजिनिअर बोलावली होती. नोटीस त्यांनी वाचली होती, तिच्यावर सहीसुद्धा केली होती.

"काका, तुमची भिंत निळी आलीय," अजित ओरडला.

इंजिनिअरचं नाव अपेक्षा. लोअर परळच्या चाळीत वाढलेली, त्यामुळे चाळीतल्या माणसांना काय सांगावं आणि कसं सांगावं हे तिला बरोबर माहीत. "हा कॅमेरा भिंत किती गरम, किती गार ते दाखवतो," ती सगळ्यांना समजावत होती. "उन्हाने तापलेली भिंत लाल दिसते. आत पाणी मुरलं असेल तर तिथे गार राहते, निळी दिसते. आणि चौथ्या मजल्याचा हा पट्टा तर एवढा निळा आहे, की मी असा कधी बघितलाच नाही. वर येऊन ओल मोजायचा मीटर लावून बघते."

भिंत कशाने गार आहे ते विकासरावांना एकट्याला ठाऊक होतं. पण खोलीत पाऊल टाकलं की कोणालाही कळणार. त्यांनी एसी बंद केला, त्याला झबला घातला. खिडक्या उघडायला गेले तर खालून सगळे बघत होते, म्हणून परत लावल्या. खोली तापवायची कशी? आणि इथे त्यांना ती अक्कल सुचली. त्यांनी गॅसवर दोन टोप पाणी उकळलं, आतल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

खोली गरम झाली, यात वाद नाही. पण वाफ जाणार कुठे? ती गेली थेट त्या गारठलेल्या, ऑइलपेंट मारलेल्या भिंतीवर. दहा मिनिटांनी मंडळी आत आली, तेव्हा भिंतीवरून पाण्याचे ओघळ चालले होते. टोप त्यांनी तेवढे कसेबसे पलंगाखाली सरकवले होते.

"अरे बापरे," अजित म्हणाला.

अपेक्षाने मीटरच्या दोन टाचण्या भिंतीला टेकवल्या. मीटर जो बोंबलायला लागला, तो थांबेना. तिने चार जागा बदलल्या. सगळीकडे तेच.

"काका, हे कधीपासून?"

"आत्ताच... म्हणजे, आत्ताच लक्षात आलं."

"वरून एवढं पाणी आहे म्हणजे खाली किती मुरलं असेल सांगता येत नाही," अपेक्षा अजितला म्हणाली. "प्लास्टर फोडून बघावं लागेल. तोपर्यंत या भिंतीला लागून असलेल्या खोल्यांत कोणी राहू नये. आजच हलवलं तर बरं."

त्या भिंतीला लागून खाली तीन बिऱ्हाडं होती. विकासरावांनी तोंड उघडलं, पण अजितकडे बघून मिटलं. फोडू देत प्लास्टर, त्यांनी मनाशी म्हटलं, दोन दिवसांत कळेलच काही नाही ते. माणूस स्वतःची अब्रू वाचवायला काय काय हिशेब मांडतो.

हा हिशेब तिसऱ्या मजल्यावर फिसकटला. त्यांच्या बरोबर खाली सुंदरामावशी एकट्या राहायच्या, वय ब्याऐंशी. सामान बांधायला मदत म्हणून विकासराव गेले, तर मावशी पलंगावर बसलेल्या, मांडीवर कोकमाच्या सोलांची बरणी.

"विकास, ह्यांचो फोटो तेवढो काढ रे खिळ्यावरचो. माझो हात पोचणा नाय," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन ह्याच खोलीत इलंय. ह्या वयात आता खंय जाऊचा?"

विकासराव स्टुलावर चढले. फोटोला हात लावला आणि तिथेच उभे राहिले. लहानपणी ताप आला की याच खोलीत मावशी त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मावशी, फोटो राहू दे," ते म्हणाले आणि स्टुलावरूनच गॅलरीतल्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं. "भिंतीला काही झालेलं नाही. मी एसी लावून झोपलो होतो. अठरावर. रोज झोपतो. ते पाणी माझ्या टोपांतल्या वाफेचं आहे."

नेमक्या त्याच वेळी सीमाताई शाळेतून परतल्या होत्या आणि पिशवी घेऊन मावशींच्या दारात उभ्या होत्या. "अठरावर?" एवढंच त्या म्हणाल्या. "आणि मी फ्रिज दोनदा खोलायला लावला."

अपेक्षा आधी चिडली, मग हसू आवरेना म्हणून गॅलरीत गेली. भिंत पुसली, खिडक्या उघडल्या, तासभर थांबले. तोवर सीमाताईंनी सगळ्यांना चहा दिला, नवऱ्याला सोडून. तासाने मीटर लावला. गप्प. खालून कॅमेऱ्यात बघितलं. भिंत वरपासून खालपर्यंत लालभडक, ठणठणीत कोरडी. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अजितने तर विकासरावांना मिठी मारली आणि मिठीतच विचारलं, "काका, मग माझ्या मशीनची परवानगी?" विकासरावांनी मान डोलावली. मावशींनी सोलांची बरणी परत फळीवर ठेवली.

"पण विकास," मावशी म्हणाल्या, "तुझ्याकडे एवढा गार आसता, तर माका कधी बोलावलंस नाय ता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी उशी घेऊन वर आल्या. मागोमाग अजितची बायको तान्ह्या मुलीला घेऊन आली, मग पहिल्या मजल्यावरच्या दोघी निवडायची भाजी घेऊन आल्या. पलंग भरला, चटई भरली. सीमाताईंनी शाळेतून फोन करून बजावलं, की पाहुण्यांची नीट सोय बघा.

विकासरावांनी गॅलरीत खुर्ची टाकली. बंदराकडून वाऱ्याचा पत्ता नव्हता. घामाने बनियन पाठीला चिकटलं, म्हणून पाण्याच्या निमित्ताने त्यांनी स्वतःच्याच घराचं दार हळूच उघडलं आणि उंबऱ्यात क्षणभर डोळे मिटून उभे राहिले.

"कोण ता दारात?" आतून अर्धवट झोपेत मावशी म्हणाल्या. "आत ये नायतर भायर जा, पण दार लाव. गारवो जाता सगळो."

आत बसायला जागा नव्हती. विकासरावांनी दार लावलं, बाहेरून.