प्रधानांच्या नंबरावर घेतलेली गाडी

तुळशीदादा कुठेही बसले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असे. मंदिरातल्या सतरंजीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. समोरचा माणूस बोलायला वेळ लावू लागला की तो पाय जोरात दाबला जाई आणि तोंडातून निघे, "देपेश, देपेश." आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत याचा अर्थ 'आटपा'. सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायात त्यांनी हे भटजींनाही ऐकवलं होतं. भटजींनी पाचवा अध्याय खरोखरच आटपला.

कांप दे मास्क गावात आमच्या बाजूला टॅक्सी एकच, ती दादांची. फ्लाकच्या बाजाराला जाणारी भाजी, बाळंतिणी, नवरदेव, सगळे त्याच काळ्या गाडीतून गेले. गाडी इतकी जुनी की चढ आला की नवरदेवालाही मुंडावळ्या सांभाळत खाली उतरून ढकलावं लागे. मग मोठ्या वादळात अंगणातला फणस तिच्यावर आडवा झाला. दादांनी दोघांभोवती दोन चकरा मारल्या, "फणस बरा होता," एवढंच म्हणाले आणि कुऱ्हाड आणायला गेले.

त्यानंतर मात्र गावाला त्यांचा त्रास होऊ लागला. पायाला काम उरलं नाही. ते दिवसभर या ओट्यावरून त्या ओट्यावर फिरत. मी संध्याकाळी गावच्या बैठकीच्या खोलीत मराठीचा वर्ग घेत असे, तिथे दारात उभे राहून विचारत, "मास्तर, अजून बाराखडीच?"

क्यूरपीपला एका गराजवाल्याकडे वापरलेली गाडी होती. निम्मे पैसे आधी, बाकीचे हप्त्यांनी, आणि तो महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. आधीचे निम्मे यायचे होते सिटमधून. सिट म्हणजे आपली भिशी. बारा घरांनी दर महिन्याला सारखे पैसे घालायचे, ज्याचा नंबर असेल त्याने सगळे उचलायचे. नंबर वर्षाच्या सुरुवातीला तांब्यातून चिठ्ठ्या काढून ठरतात. दादांचा नंबर बारावा.

"जन्मभर देपेश देपेश केलंस ना, घे आता," असं सिट चालवणारी सोनामावशी म्हणाली.

समोरचा कबूल असेल तर नंबर बदलून घेता येतो. त्या महिन्याचा नंबर आमच्या मराठी सभेच्या प्रधानांचा, म्हणजे अध्यक्षांचा होता. सिटच्या पैशांतून त्यांना स्वतःची पुरुषभर तसबीर करून सभेच्या दालनात लावायची होती. जिवंतपणी भिंतीवर चढायला निघालेल्या माणसाला खाली उतरवणं सोपं नसतं. दादांनी मला सोबत नेलं.

प्रधानांनी सगळं ऐकून घेतलं. "तुळशीराम, तसबीर थांबेल. मी काही लगेच म्हातारा होत नाही. पण सभेच्या प्रधानाने मंदिरात पायी जावं, हे शोभतं का?"

त्यांचं घर ते मंदिर हे अंतर दोनशे पावलांचं. वाटेत एक नळ आणि एक कुत्रा लागतो.

"वर्षभर, दर रविवारी," प्रधान म्हणाले. "जाताना आणि येताना. आणि हळू चालवायची. लोकांना नमस्कार करायला वेळ मिळाला पाहिजे."

दादांचा पाय असा दाबला गेला की प्रधानांची चटई चुरगळली. आता हे उठतात, असं मला वाटलं.

"बरं, प्रधानजी," दादा म्हणाले.

परतताना मी विचारलं, "दादा, गाडी वर्षअखेरीला आपल्याच नंबरावर घेतली असती तर?"

"कुसुम येतीय ना ऑगस्टात. तिला काय बसमधून आणू?"

कुसुम ही त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्याच वर्गात मराठी शिकली आणि चार वर्षांपूर्वी नर्स व्हायला इंग्लंडला गेली. आई नव्हतीच, विमानतळावर दादांनीच तिला सोडलं, त्याच काळ्या गाडीतून. दादांना लिहिता येत नसे, म्हणून पत्रं मी लिही. वादळानंतरच्या पत्रात फणसाचा विषय आला तेव्हा ते म्हणाले होते, "ल्हिवा, गाडी बरी हाय." त्यानंतर प्रत्येक पत्रात गाडी बरी होती. मराठीच्या मास्तराचं अक्षर चांगलं असलं की थापही खरी वाटते.

नवी गाडी आली. दर रविवारी प्रधान पांढऱ्या कपड्यांत मागे माझ्या शेजारी बसत आणि दोन्ही बाजूंना हात जोडत. दादा बैलाच्या चालीने गाडी नेत. कुत्रा पुढे चाले, मंदिराशी थांबून आमची वाट पाही. दादांच्या मानेवरची शीर मला मागून दिसे. पण "देपेश" म्हणून त्यांनी एकदाही ऐकवलं नाही.

जुलैत कुसुमचं पत्र आलं. अर्धं मराठी, अर्धं फ्रेंच. मी वाचून दाखवलं. रजा मिळाली नाही, परीक्षा आहे, पुढच्या वर्षी नक्की येते.

"पुढच्या वर्षी, ती ओळ परत वाचा," दादा म्हणाले.

मी वाचली. खाली पाहिलं तर पाय हलत नव्हता. मला तो हलायला हवा होता.

"ल्हिवा," ते म्हणाले. "गाडी बरी हाय." आणि ते लिहून होताच, "आता खोटं न्हाय त्यात."

ज्या दिवशी ती येणार होती, त्या दिवशी सकाळी दादा माझ्या दारात हजर. इस्त्रीचा सदरा, टोपी. "चला मास्तर, देपेश."

आम्ही प्लेझान्सच्या विमानतळावर गेलो. कुंपणाशी उभे राहून विमान उतरताना पाहिलं. शिडीवरून शेवटचा माणूस उतरेपर्यंत दादा हलले नाहीत.

परत येताना ते प्रधानांच्या चालीने गाडी चालवत होते. बस मागून पुढे गेली. मग उसाची एक बैलगाडी गेली. अखेर मीच म्हणालो, "दादा, कुणाला आणायचं नव्हतं. मग आलो कशाला?"

त्यांनी वळणावर उगाचच हॉर्न दिला.

"गाडी नवी हाय, मास्तर. तिला रस्ता ठाऊक नको?"