चार तारा आणि एक मान

१. विषय

पाणीपुरवठा कार्यालयाच्या वाद्यवृंदासाठी एक परवडणारी अकूस्टिक-इलेक्ट्रिक बास गिटार विकत घ्यायचं ठरलं, तेव्हा कार्यालयात कुणाचाही कुणाशी वाद नव्हता. हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेलं बरं. पुढे तसं लिहिता येणार नाही.

मागणी खर्जरावांची होती. खर्जराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचा आवाज इतक्या खालच्या पट्टीतला होता, की बैठकीत ते बोलू लागले की लोक पंख्याकडे बघत. काम गळती शोध शाखेत. लोखंडी कांडीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाणी कुठे निसटतंय ते ऐकायचं. सगळी नोकरी अशी ऐकण्यात गेली. आता निवृत्ती तोंडावर आली होती. येणारं स्नेहसंमेलन शेवटचं. त्यात आपल्यालाही एकदा कुणीतरी ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. नियमात बसणारी इच्छा आहे, असं त्यांना वाटलं होतं.

वाद्यवृंदात दोन गिटार होत्या, एक कीबोर्ड आणि एक ड्रम. सगळे मिळून सुरांच्या वरच्या मजल्यावर गर्दी करत, तळमजला रिकामा. त्यासाठी बास हवी. सरावाच्या खोलीत वीज वापरायला बंदी, म्हणून लाकडातूनच वाजेल अशी. संमेलनाच्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोचायला हवं, म्हणून वायर लावून स्पीकरमधूनही वाजेल अशी. अकूस्टिकही, इलेक्ट्रिकही. आणि कार्यालय आपलंच, म्हणून परवडणारी.

"अहो, आपणच आणू या की," बायको म्हणाली होती. "लग्नाआधी वाजवायचात म्हणता. मी तर एकदाही ऐकली नाही."

"खासगी वस्तू कार्यालयाच्या प्लगात लावता येत नाही. परिपत्रक आहे."

"मग तुमच्या शाखेतली चहाची किटली?"

"ती कुणाचीच नाही."

"मग बासही कुणाचीच नाही असं सांगा."

खर्जरावांनी यावर विचार केला. बायकोला प्रशासन फार लवकर कळतं, असं त्यांचं जुनं मत होतं. पण त्यांनी रीतसर मार्ग धरला. रोज संध्याकाळी ते गळतीची कांडी मांडीवर आडवी घेत, खडूने तिच्यावर बासच्या दांडीवर असतात तशी घरं आखत आणि बोटं चालवत. बायको समोर बसून भाजी निवडत बघायची. आवाज काहीच यायचा नाही, पण बघायची.

३. बैठक

(क्रमांक २ मंजुरीसाठी वर गेला आहे. आला की योग्य जागी लावण्यात येईल.)

खरेदी समितीत साहेब अध्यक्ष, हिशेब शाखेच्या बाई, भांडारपाल आणि मागणीदार म्हणून खर्जराव. शहरात वाद्यांचं दुकान एकच होतं. दरपत्रकं मात्र तीन लागतात. म्हणून दुकानदाराने एक स्वतःचं, एक बायकोचं आणि एक मेहुण्याचं अशी तीन दिली होती. तिन्ही एकाच पेनाने, पण स्पर्धा चुरशीची होती. बायको थोडक्यात हरली.

"पहिला मुद्दा," बाई म्हणाल्या. "परवडणारी म्हणजे कुणाला परवडणारी?"

"आपल्याला," साहेब म्हणाले.

"आपल्याला काय परवडतं हे ठरवणारी वेगळी समिती आहे, साहेब. तिची बैठक झालेली नाही. बैठकीचा खर्च परवडत नाही म्हणून."

साहेबांनी मान हलवली. अशा वेळी मान हलवायची असते हे त्यांना वरिष्ठांनी शिकवलं होतं. मग भांडारपालांनी वेगळीच शंका काढली. वस्तू लाकडी, म्हणजे फर्निचर. वस्तू विजेवर चालणारी, म्हणजे उपकरण. फर्निचर तळघरात ठेवतात, उपकरण गच्चीवरच्या पंपाशेजारी.

"मग मधल्या मजल्यावर ठेवू," साहेब म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत धाडसी निर्णय होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण बाईंनी चष्मा खाली घेतला आणि दरपत्रकावर बोट ठेवलं.

"खर्जराव, साध्या गिटारला तारा किती?"

"सहा."

"आणि या तुमच्या बासला?"

"चार."

"किंमत कुणाची जास्त?"

खर्जराव काहीतरी बोलले. सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

"बासची जास्त आहे," बाईंनीच सांगितलं. "म्हणजे हा माणूस दोन तारा कमी देतो आणि पैसे जास्त घेतो. उद्या नळाचं पाणी कमी सोडून बिल जास्त लावलं, तर लोक गप्प बसतील का?"

"ते आपण करतोच," भांडारपाल हळूच म्हणाले.

"म्हणूनच विचारते. लोक गप्प बसतात, मी बसणार नाही. एक तृतीयांश तारा नाहीत, तर एक तृतीयांश रक्कम कापा."

खर्जराव या वेळी उभे राहून बोलले. बासच्या तारा जाड असतात, दांडी लांब असते, लाकूड जास्त लागतं. किंमत तारा मोजून ठरत नाही. हत्तीला पाय चारच आणि मुंगीला सहा, म्हणून हत्ती स्वस्त मिळत नाही.

"हत्तीचं दरपत्रक जोडलेलं नाही," बाई म्हणाल्या.

मतदान झालं. बाई आणि भांडारपाल कपातीच्या बाजूने. खर्जराव विरुद्ध. साहेबही विरुद्ध, कारण त्यांना संमेलनात फोटो हवा होता. बरोबरी. साहेबांकडे अध्यक्षांचं निर्णायक मत होतं, पण ते त्यांनी आणीबाणीसाठी राखून ठेवलं होतं.

आणि तेवढ्यात कुणीतरी मान डोलावली.

कोण, ते कळलं नाही. फार नाही, थोडीशीच. चार तारांना सहा तारांपेक्षा जास्त पैसे कशाला, मुद्दा तसा बरोबर आहे, अशी ती मान होती. समितीतल्या चौघांपैकी कुणाचीच नव्हती. पण डोलावली गेली हे सगळ्यांना जाणवलं, आणि बाईंनी लगेच मोजली. कपात मंजूर.

४. दुकान

दुकानदाराने ठराव ऐकला आणि स्टुलावर बसला.

"तारांच्या हिशेबाने? मग व्हायोलिनचं काय करू? आणि बासरीला तर तारच नाही, ती फुकट वाटू?"

"ते बाईंना सांगू नका," खर्जराव घाईने म्हणाले.

दुकानदाराने भिंतीवरची बास काढून त्यांच्या हातात दिली. फिकट पिवळ्या लाकडाची, पोटाला गोल भोक, बाजूला बॅटरीचं छोटं झाकण. खर्जरावांनी सर्वांत जाड तार छेडली. आवाज असा आला, की रस्त्याखालची मोठी जलवाहिनी रात्रीचं पाणी सुटल्यावर जसा हुंकार भरते, तसा. पोटापर्यंत.

"काका, तुमच्याकडे बघून देतो कापलेल्या दरात," दुकानदार म्हणाला. "पण मग बॅटरी नाही, वायर नाही आणि पिशवी नाही. बॅटरीशिवाय स्पीकरमधून ही मुकी, हे लक्षात ठेवा. लाकडातून तेवढी बोलेल."

लाकडातून बोलली तरी पुष्कळ झालं, असं खर्जरावांनी मनाशी ठरवलं. बायकोला पहिल्या रांगेत बसवलं की काम होईल.

५. आवक

भांडारपालांनी बास टेबलावर आडवी ठेवली, चहूबाजूंनी बघितली आणि नाक मुरडलं.

"हिला भोक आहे."

"असतंच."

"खर्जराव, तुम्ही गळती शाखेत एवढी वर्षं काढलीत आणि भोक असतंच म्हणता? माझ्याकडे आलेली टाकी अशी असती तर तुम्हीच आधी बोंब मारली असतीत."

"आवाज त्यातूनच बाहेर येतो हो."

"तेच म्हणतोय मी. गळती."

खराब माल परत पाठवायचा, तर ठरावात मालाचा रंग लिहिलेला नव्हता. तेव्हा हाच तो माल, हे सिद्ध होईना. म्हणून दुरुस्ती. कार्यालयाच्या सुताराने प्लायवूडची गोल चकती कापली, डिंक लावून बसवली आणि वर रंधा मारला. काम इतकं सुबक झालं, की भोक कधी होतं असं वाटू नये. मग त्या चकतीवर पांढऱ्या रंगाने मालमत्तेचा क्रमांक आला आणि बॅटरीच्या झाकणावर कागदी सील. सील तोडल्यास वसुली पगारातून. पगार संपला असल्यास पेन्शनमधून.

खर्जरावांनी तार छेडली. ती थरथरली. थरथरताना दिसली. कांडी कानाला लावतात तसा त्यांनी कान लाकडाला लावला, तेव्हा आत खोलवर काहीतरी निसटत असल्याचं त्यांना ऐकू आलं. त्यांच्याखेरीज ते कुणाला ऐकू येण्यासारखं नव्हतं.

बायकोने घरच्या दाराच्या घंटेतली बॅटरी काढून पदराआड आणली.

"बसेल का हो?"

"बसेल. पण सील आहे."

"फाडा की."

"पेन्शन आहे."

ती बॅटरी घेऊन परत गेली. त्या दिवसापासून त्यांच्या घरची घंटाही वाजेनाशी झाली, कारण बॅटरी कुठे ठेवली ते तिला आठवेना.

६. संमेलन

सभागृह भरलं होतं. साहेबांनी मंचावर येऊन बास न्याहाळली आणि ते नाराज झाले.

"इलेक्ट्रिक ना? मग वायर कुठे आहे? फोटोत वायर दिसली पाहिजे."

भांडारातून जुन्या टेलिफोनची गुंडाळी वायर आली. एक टोक बासला चिकटपट्टीने, दुसरं पडद्यामागे खुर्चीच्या पायाला. खर्जराव उभे राहिले. पहिल्या रांगेच्या खुर्च्या ऐन वेळी साहेबांच्या साहेबांसाठी राखून ठेवल्या गेल्या, म्हणून बायको तिसऱ्या रांगेत होती.

गाणी सुरू झाली. गिटार वाजल्या, कीबोर्ड वाजला, ड्रम तर गच्चीवरच्या पंपापर्यंत गेला. खर्जरावांनी एकही मात्रा सोडली नाही. बोटं कांडीवर घटवलेल्या वाटेने बरोबर फिरत होती, कपाळावर घाम होता, आणि त्यांच्यातून सभागृहात काही म्हणजे काही येत नव्हतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय तो बास!" साहेबांचे साहेब म्हणाले. "पोटात जाणवत होता."

"पाया आहे सर, पाया," साहेब म्हणाले. "परवडणाऱ्या दरात."

हिशेब शाखेच्या बाई मुद्दाम मंचापाशी आल्या. "बघा खर्जराव, दोन तारांनी काही अडलं का? सहा असत्या तरी एवढंच ऐकू आलं असतं." हे मात्र अगदी खरं होतं. भांडारपालांनी कळवलं, की आवाजाबद्दल एकही तक्रार नाही. असा स्वच्छ व्यवहार या कार्यालयात पहिलाच. साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढच्या वर्षी सगळीच वाद्यं याच पद्धतीने घ्यायची.

घरी जाताना कोपऱ्यावर वळल्यावर खर्जरावांनी विचारलं, "ऐकू आलं?"

"तुमचं? छे," बायको म्हणाली.

खर्जराव चालत राहिले.

"पण दुसऱ्या गाण्यात चुकलात. कडव्याच्या शेवटी बोट एक घर पुढे गेलं."

ते थांबले. सगळ्या सभागृहात त्यांची चूक कळलेलं हे एकच माणूस होतं.

"तुला कसं कळलं?"

"रोज संध्याकाळी भाजी का निवडते मी? आपण दोघं माणसं, एवढी भाजी लागते का कधी?"

खर्जराव काहीतरी बोलले. आसपास पंखा नव्हता, तरी आवाज खालचाच होता. तिने मात्र "हो" म्हटलं.

२. (वरून मंजूर होऊन परत आलं. योग्य जागा भरून गेल्यामुळे इथे लावण्यात येत आहे.)

खर्जरावांनी स्वखर्चाने आणलेली बास कार्यालयाच्या प्लगात लावून वाजवण्यास हरकत नाही.

७. राहिलेला मुद्दा

खर्जराव आता निवृत्त झाले. बास मधल्या मजल्यावर कुलपात आहे. सगळं मिटलं, फक्त त्या बैठकीतली मान मिटायची राहिली. मतदानात मोजलेली मान बिननावाची ठेवता येत नाही, असं बाईंचं म्हणणं, आणि या एका बाबतीत खर्जरावही बाईंच्या बाजूने आहेत. त्या एका मानेने बॅटरी गेली. ती कुणाची, हे त्यांनाही हवं आहे.

त्यांनी ती खोली पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणली. साहेब टेबलाच्या टोकाला. बाई खिडकीकडे. भांडारपाल दाराशी, त्यांच्या शेजारी आपण. चौथी बाजू मोकळी होती, असं सगळे सांगतात. पण खर्जराव ऐकणारा माणूस आहे. त्या बाजूला कुणीतरी बसलं होतं हे त्यांना आता आठवतं. निवांत, हातात हे पान घेऊन, आपला या खरेदीशी काय संबंध अशा चेहऱ्याने. बाई म्हणाल्या, दोन तारा कमी आणि पैसे जास्त. आणि त्या माणसाला क्षणभर ते पटलं.

जरा आठवून बघा. थोडीशीच हलली होती.

खाली जागा सोडली आहे. तेवढी सही करून टाका. आवाज होणार नाही, त्याची व्यवस्था झालेली आहे.