यूसुफचाचांची थंडी

यूसुफचाचांच्या घरी फ्रीज आहे, पण त्यात कपडे असतात. तुम्ही-आम्ही बर्फ लावतो त्या वरच्या कप्प्यात मोजे आणि कानटोप्या, खाली स्वेटर, आणि भाजीच्या ट्रेमध्ये डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली शाल. गेली आठ वर्षं हा फ्रीज प्लगला लागलेला नाही. दूध दोनदा तापवलं जातं आणि मासे आणले त्याच दिवशी संपतात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा थंड पाणी मागण्याची चूक केली. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साप मागितला होता.

"मास्तर," ते म्हणाले, "कुत्रा पाळा, पोपट पाळा. घरात थंडी पाळायची नाही."

मी खारघरच्या एका कॉलेजात शिकवतो, म्हणून 'मास्तर'. पनवेलात आमची तीन मजली जुनी इमारत आहे. मी दुसऱ्या मजल्यावर, आणि माझ्या बरोबर खाली चाचा आणि सकीनाचाची.

आता पनवेलची थंडी ती काय! बदलीवर आलेल्या साहेबासारखी उशिरा येते आणि बस्तान बसायच्या आत निघून जाते. आम्ही लोक फार तर पंखा पाचावरून तिनावर आणतो. चाचांचा हिवाळा मात्र दिवाळीच्या पणत्या विझल्या की सुरू होतो. दोन स्वेटर, मफलर, माकडटोपी आणि लेंग्याखाली आणखी एक लेंगा. या थाटात ते मासळी बाजारात शिरले की कोळणी एकमेकींना हाक देतात, "आला गो, हिमालय आला!" चाचा रागावत नाहीत. शांतपणे बोंबील निवडतात.

गंमत अशी, की या माणसानं आयुष्याची बावीस वर्षं आखातात काढली. वाळवंटात! तिकडचं ऊन सोसून आलेल्या माणसाला पनवेलची हवा कशी बोचते, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "आमचं एसी ऑफिस होतं." विषय संपला.

नव्या यंत्रांशी त्यांचं उभं वैर. त्यांच्याकडे किल्लीचं घड्याळ आहे, कोळशाची इस्त्री आहे, दोन कंदील आहेत. "सगळं घर एका तारेला टांगलंय तुम्ही लोकांनी," असं ते मला दर आठवड्याला ऐकवतात. मी मोबाईलवरून चालू होणारा गीझर घेतला तेव्हा कौतुकानं त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मोबाईल बादलीत पडला तर आंघोळ कशी करणार?"

मी मोबाईल खिशात घालून वर आलो.

तरी मोबाईल एक त्यांनी ठेवलाय, तो फैजानसाठी. फैजान हा त्यांचा एकुलता एक मुलगा, गेल्या वर्षी नोकरीसाठी कॅनडाला गेला. रोज सकाळी नऊला, म्हणजे तिकडच्या रात्री, त्याचा व्हिडिओ कॉल येतो. चाचांचं संभाषण ठराविक.

"तापमान?"

"उणे बारा, अब्बा."

"मोजे?"

"एक जोडी."

"दोन घाल."

एवढं झालं की ते फोन चाचींकडे देतात. मग जेवलास का, बारीक का दिसतोस, वगैरे खरी चौकशी चालते. कॉल लागत नसला तर मला खाली बोलावणं येतं. फैजान मला हसून सांगायचा, "मास्तर, अब्बांना समजवा ना! इथं घर इतकं गरम असतं की मी हाफ पँटमध्ये बसतो."

गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी चाची स्वतः जिना चढून वर आल्या. "मास्तर, खाली या. फैजानचा आवाज बरा नाय."

मी धावलो. फोनवर चित्र नव्हतं, नुसता आवाज होता, आणि तो थरथरत होता. बर्फाच्या वादळात त्याच्या भागातली वीज गेली होती. तळघरातली भाड्याची खोली, हीटर विजेवर, चूल विजेवर. घरमालक परगावी, वरचा मजला बंद. रस्ते बर्फानं भरलेले. मदतीच्या नंबरवर त्यानं कळवलं होतं; घरातच थांबा, वेळ लागेल, असं सांगितलं होतं त्यांनी. वीज जाऊन चार तास झाले होते. फोनची बॅटरी एकवीस टक्के उरली होती.

मी पार गडबडलो. चाचा मात्र खुर्चीत ताठ बसले. इतक्या वर्षांत तसा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

"फैजान, नीट ऐक. आधी मोजे काढ. ओले आहेत?"

"थोडे."

"कोरडे घाल. ओला कपडा अंगावर एक मिनिट ठेवायचा नाही. आता टेबल भिंतीशी ओढ आणि त्यावर सगळ्या चादरी टाक. गादी आत ने. मोठी खोली तापत नाही, बीळ तापतं. बोटं कशी आहेत?"

"कळत नाहीत, अब्बा."

"चोळू नकोस! काखेत धर. काही पेटवून आत बसू नकोस, कसम आहे तुला. आणि झोपायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी फोन कर, मधे बंद ठेव."

मग आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो. किल्लीचं घड्याळ टिकटिक करत होतं. पंधरा मिनिटांनी फोन वाजायचा. चाचा त्याला आत बसल्या बसल्या पाय मारायला लावायचे, शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावायचे. तो अडखळला की इकडे यांचे ओठ पांढरे पडायचे, पण आवाज हलायचा नाही. चाची तसबीहचे मणी ओढत होत्या.

चौथ्या की पाचव्या फोनला फैजाननं विचारलं, "अब्बा, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? तुमचं तर एसी ऑफिस होतं."

"एसीच होता, बेटा," चाचा म्हणाले. "उणे अठरावर लावलेला. कोल्ड स्टोरेज होतं. मासे, कोंबड्या. खोकी उचलायचो मी. चल, आकडे म्हण. अठ्ठ्याण्णव..."

तिकडून बारीक आवाजात, "सत्त्याण्णव."

बारा वाजून गेले तेव्हा तो ओरडला, "आली! लाईट आली!" बॅटरी तीन टक्क्यांवर होती. मागे हीटरची घरघर आम्हालाही ऐकू आली. चाचांनी त्याला कोमट पाणी प्यायला सांगितलं, बोटांचा रंग विचारला, एकदम शेकू नकोस म्हणाले, आणि फोन ठेवला. चाची डोळे पुसत चहा टाकायला आत गेल्या.

त्या गेल्यावर चाचा खुर्चीतून माझ्याकडे वाकले.

"सकीनाला हे सांगायचं नाही, मास्तर," ते हळूच म्हणाले. "आता तिनं ऐकलंच, पण तिथं अंगाचं काय व्हायचं ते तिला कळायला नको. तिला वाटायचं मी उन्हात भाजतोय. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती दर वर्षी मलमलचे कुर्ते पाठवायची. स्वतः शिवून. मी कळवायचो, फार उपयोग होतो. खोटं नव्हतं ते. सगळ्यात आत, अंगाला लागून तेच घालायचो."

"मला ठाऊक हाय," दारातून चाची म्हणाल्या. हातात चहाचा ट्रे होता. "पयल्या सुट्टीला आलात तवाच कळलं. तव्यावरची भाकरी हातानं उलटत होतात, आन् तुमच्या बोटांना चटक्याचा पत्ता नाय. मग तिकडं तुमच्याच कामावर असलेल्या गाववाल्याला खोदून विचारलं."

चाचा त्यांच्याकडे बघत राहिले. "तेव्हापासून ठाऊक होतं? मग मलमल कशाला पाठवत होतीस?"

"लोकरीचं पाठवलं असतं तर तुमाला कळलं असतं ना, की मला कळलंय." चाचींनी ट्रे खाली ठेवला. "तिकडं एकले होतात. माझी आणखी एक काळजी कुठं सांभाळत बसला असतात?"

चाचींनी आमच्यापुरते दोनच कप आणले होते, स्वतःला घ्यायला विसरल्या होत्या. चाचांनी आपला कप उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"पी," ते म्हणाले. "निवतोय."