तळ्याकाठचं ऊन

ड्रॉइंग मास्तरांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. आधी नातवाचं पोट दुखलं, मग लेकीची रजा संपली, मग नातवाला आजीशिवाय झोप येईना. इकडे निवृत्त मास्तरांना घर खायला उठलं होतं. पण त्यांना विचारतो कोण?

बैठकीत त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी काढलेलं चित्र होतं. तळ्याकाठची संध्याकाळ, आणि झाडाखाली पाठमोरी, नखाएवढी बायको. "बोलायला आणलंत की रंगवायला?" म्हणून ती त्या दिवशी रुसली होती. आता मास्तर रोज चहाचा कप घेऊन चित्रासमोर उभे राहत आणि तिला शोधत. झाडाखाली नुसता काळोख दिसे.

"चित्र काळवंडलंय," असं निदान करून त्यांनी रंग बाहेर काढले.

खरं तर आभाळच जरा उजळायचं होतं. पण आभाळ उजळलं तसे डोंगर कोळशाचे वाटू लागले. डोंगर उजळले, तर तळ्यात अजून जुनंच आभाळ! पाणी चकाकलं, आणि गवत मळकट दिसायला लागलं. मास्तरांचा ब्रश थांबेना, आणि रंगाच्या बोटांनी चष्मा वर सारणंही थांबेना. झाडाखालच्या सावलीला मात्र त्यांनी हात लावला नाही. न जाणो, ब्रश तिच्यावरूनच फिरायचा.

शेजारचे कंपाउंडर पेपर मागायला आले आणि दारातच डोळे बारीक करून उभे राहिले.

"मास्तर, ही संध्याकाळ होती ना?"

"आहेच की. अजून उजेड कमी पडतोय."

"कमी?" कंपाउंडर पेपर न घेताच परतले.

"जेवलात? गोळी घेतली? चष्मा पुसला?" बायकोने फोनवर नेहमीचं विचारलं.

"हो, हो, हो." 'तू कधी येतेस?' हे ओठांवर आलं होतं. "बाळ कसंय?" एवढंच विचारून मास्तरांनी फोन ठेवला.

मग त्यांना राहवेना. पाण्याच्या काठी, भर उजेडात, त्यांनी बायको नव्याने रंगवली. बोटभर उंच, तोंड इकडे करून हसणारी.

कंपाउंडरांनी कळवलं असावं. दुसऱ्याच दिवशी बायको बॅगेसकट दारात हजर. चित्र बघून ती मटकन खुर्चीत बसली.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"तू दिसेनाशी झाली होतीस गं," मास्तर म्हणाले. "करमेना मला."

ती उठली. तिने त्यांचा चष्मा काढला, काचांवर वाफ सोडली, रोज सकाळी पुसायची तसा पदराने घासून पुसला आणि परत नाकावर चढवला. पदराला पिवळा रंग लागला.

मास्तरांचे डोळे दिपले. तळ्यावर वैशाखातली दुपार पेटली होती. आणि झाडाखाली, उरलेल्या तेवढ्या सावलीत, ती होती तशीच बसली होती. स्पष्ट, पाठमोरी.

"मी ही इथे झाडाखाली," बायको म्हणाली. "मग काठावर दात काढतेय ती कोण?"

मास्तरांनी ब्रश उचलला. "पुसतो तिला."

"खबरदार! हसतेय बिचारी, हसू दे. आधी ते ऊन उतरवा." तिने झाडाखाली बोट ठेवलं. "आणि मग हिला जरा इकडे वळवा. रुसवा कधीच गेलाय तिचा."