उंडोराजा विरघळत नाही

चौथीच्या वर्गात अन्न लहान आतड्यात शिरलं, की ओंकार झोपी जायचा. तीन दिवस स्नेहा टीचर तोच धडा शिकवत होती आणि तीनही दिवस बरोबर त्याच ओळीवर ओंकारचं डोकं बाकावर टेकलं होतं. बाकीची दहा मुलं जागी होती म्हणायची, पण त्यांचे डोळे खिडकीबाहेर पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलीमागे म्हापशापर्यंत जाऊन आले होते.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सदाशिव सर दारात उभे राहिले. "टीचर, शुक्रवारी शालिनी मॅडम येतात. पेडण्याच्या शिक्षण ऑफिसातून. तुमची ती खेळाची खोली ठेवायची, की तिथं मोडके बाक रचायचे, ते त्या ठरवणार. मुलांना धडा आला, तर खोली तुमची. नाही आला, तर बाकांची."

 ती खोली स्नेहानं दोन वर्षं खपून सजवली होती. सोड्याच्या बुचांचे पाढे, करवंट्यांचा तराजू, चिंचोके, सोंगट्या. पोरं त्या खोलीत शिरली की त्यांना घंटा ऐकू यायची नाही. अशा खोलीत तीन पायांचे बाक राहायला येणार, ही कल्पनाच तिला सोसेना.

"मुलांनो, उठा!" ती म्हणाली. "धडा वाचायचा नाही. खेळायचा!"

खोलीच्या जमिनीवर तिनं खडूनं हा एवढा मोठा माणूस काढला. चिठ्ठ्या टाकल्या. चार मुलं दात झाली, दोघं लाळ, तिघं रक्त. ऋतिकाच्या वाट्याला जठररस आला. आणि ओंकारची चिठ्ठी उघडली, तर ती निघाली अन्नाची.

"कसलं अन्न होणार तू?"

"उंडो!" ओंकार म्हणाला. सकाळीच त्यानं पदेराकडचा तो गोल कडक पाव चहात बुडवून खाल्ला होता.

त्याच्या सदऱ्याला कागदाचे कपटे टाचले. दातांनी ओढले, लाळेनं कालवले, जठरात ऋतिकानं त्याला गरागरा फिरवला, लहान आतड्यात उरलेले कपटे रक्तानं लुटले आणि हात, पाय, डोळे असे सगळीकडे पळवले. शेवटी ओंकार नुसता सदऱ्यावर उरला. आणि महत्त्वाचं म्हणजे टक्क जागा होता! "टीचर, परत! परत!" अकराही जणांनी ओरडून कौलं हलवली. स्नेहाला वाटलं, जिंकलो.

ओंकार मात्र घरी पळत सुटला तो ओरडतच. "आजोबा, माका मेन पार्ट गावलो!"

इथंच सगळं बिघडलं. कारण आजोबा म्हणजे सखाराम. तेरेखोल नदीपलीकडच्या दशावतार कंपनीत त्यांनी तीस वर्षं राजपार्ट केला होता. आता ट्रक चालवणाऱ्या मुलाकडे राहायला आले होते आणि पेडण्याच्या बाजारात भेंडीचा भाव विचारतानाही एक पाय पुढे टाकून विचारत. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आत ते पत्र्याची ट्रंक घेऊन पायरीवर हजर.

"टीचर, पोराक मेन पार्ट दिलास, उपकार झाले. पण राजाच्या आंगार कागदाचे कपटे? ह्यां बरां दिसणा नाय." त्यांनी ट्रंक उघडली. आत किरीट, भुजबंद, शेला, माळा आणि दोन लाकडी तलवारी.

"आजोबा, तो राजा नाही. पाव आहे."

"मेन पार्ट म्हणजे राजा," सखाराम म्हणाले, आणि विषय संपला.

स्नेहानं मन मोठं केलं. एक किरीटच तर आहे. पण एकाला किरीट मिळाल्यावर दातांनी काय घोडं मारलं होतं? दातांना पांढरे फेटे आले. लाळेला निळं लुगडं आलं. ऋतिकाच्या आजीनं, सरस्वतीबाईंनी, जठररसासाठी काळा झगा शिवला आणि नातीच्या गालांवर लाल रेघा ओढल्या. बुधवारी पखवाज आला. पखवाजापाठोपाठ पायपेटी आली. एवढं सगळं खोलीत मावेना, म्हणून गुरुवारी जठरासकट अख्खा माणूस देवळापुढच्या मांडावर, नाटकं होतात त्या अंगणात, हलवला. सदाशिव सर आधी कपाळाला आठ्या घालून बघत होते, मग तेही पायानं ताल धरू लागले.

तालीम बघताना सखारामांनी फक्त एक प्रश्न विचारला. "टीचर, ह्या आख्यानाचो शेवट काय?"

"उंडो विरघळतो."

सखारामांचा हात मिशीवरच थांबला. "राजपार्ट इरगाळता?"

"विरघळायलाच हवं, आजोबा. त्याचं पचन होतं."

"तीस वर्सां राजपार्ट केलंय, टीचर. तापात केलंय, पायात काटो घेऊन केलंय. पण कोणाकडे हरलंय नाय." मग खोल श्वास घेऊन ते म्हणाले, "बरां. तुमी म्हणतास तसां."

स्नेहाचा त्यावर विश्वास बसला. ती बिचारी एक गोष्ट विसरली. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. गोष्ट सांगायची, पार्ट वाटायचे आणि उभं राहिल्यावर सुचेल ते बोलायचं. तिनं पोरांकडून घोकून घेतलेली वाक्यं पखवाजाच्या पहिल्या थापेबरोबरच हवेत उडाली.

शुक्रवारी मांडावर पाय ठेवायला जागा नव्हती. मांद्र्याहून पाहुणे आले होते. शालिनी मॅडम वही मांडीवर घेऊन पुढच्या खुर्चीत बसल्या. त्या आल्या होत्या धडा बघायला, आणि समोरून किरीट घातलेला पाव नाचत आला.

"कोण रे तुम्ही, माझ्या वाटेत उभे?" उंडोराजा गरजला.

"आम्ही दात! तुझे तुकडे करणार!"

इथं राजानं तुकडे करून घ्यायचे होते. पण पखवाज घुमला, सखारामांची मान डोलली आणि ओंकारनं तलवार उपसली. चार दात दोन मिनिटांत पळाले. एकाचा फेटा मागे राहिला. लाळ तर लढायच्या आधीच शरण आली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. ती रेघ स्नेहाला आपल्या खोलीवरच ओढल्यासारखी वाटली.

आता सगळी भिस्त ऋतिकावर. ती काळा झगा फडकवत आली. "मी जठररस! माझ्यापुढे भले भले विरघळले!"

तलवारीला तलवार भिडली. एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. शेवटी ऋतिका रडकुंडीला येऊन ओरडली, "ओंकार, आता विरघळ मरे! पुस्तकात तसंच आहे!"

"राजा इरगाळणा नाय!"

"उंड्या, सोडू नको!" मागून कोणीतरी ओरडलं.

सरस्वतीबाई ताडकन उठल्या. "कोण रे तो? आमच्या चेडवान हरूचां काय? ऋतिका, घाल त्याका पोटात!"

झालं. मांडावर दोन पक्ष पडले. उजवीकडचे पावाचे, डावीकडचे पोटाचे. "उंडो! उंडो!" "जठर! जठर!" सदाशिव सर शांत करायला उठले आणि कोणाच्या बाजूचे ते विचारल्यावर गडबडून "पोटाचा" म्हणाले. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि पेनला टोपण लावलं.

 स्नेहा धावत सखारामांपाशी गेली. "आजोबा, थांबवा ना त्याला!"

"उब्या पार्टाक बायरसून कोण थांबवणा नाय, टीचर. थांबवायचो तर पार्ट घेऊन आत जावक व्हया."

स्नेहा आयुष्यात कधी रंगमंचावर चढली नव्हती. बक्षीस घ्यायला नाव पुकारलं, तरी ती खालीच बसून राहायची. पण तिनं पदर खोचला, पेटीवाल्याच्या मांडीवरची झांज उचलली आणि थेट दोन तलवारींच्या मधे जाऊन उभी राहिली.

"नारायण, नारायण!"

मांड एकदम गप्प झाला. नारद आला म्हणजे काहीतरी घडणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"उंडोराजा, तुला दात जिंकू शकले नाहीत, हा जठररसही जिंकणार नाही," स्नेहा म्हणाली. आवाज थरथरत होता, आणि ती थरथर नारदालाही शोभत होती. "पण राजा, मी तुझं सगळं राज्य फिरून आलो. पाय म्हणतात, आम्हाला चालवत नाही. डोळे म्हणतात, अंधारी येते. प्रजा उपाशी आहे, आणि राजा जठरात लढाया खेळतोय! हरलास तर हार. पण स्वतःहून दिलंस, तर दान."

ओंकारची तलवार खाली आली. त्यानं आजोबांकडे पाहिलं. सखाराम डोळे पुसत होते. पखवाजवाल्यानं संथ ठेका धरला.

"घे, जठररसा," उंडोराजा म्हणाला. त्यानं किरीट काढून ऋतिकाच्या हातात दिला. "माका इरगाळव. पण माज्या प्रजेक सगळ्यांक पोचव."

तो गोल फिरत फिरत खाली बसला. पळून गेलेले दात धावत परत आले. लाळ आली, लहान आतडं उघडलं, रक्ताच्या तिघांनी राजाचे भुजबंद, शेला, माळा उचलून खडूच्या माणसाच्या हातांना, पायांना, डोळ्यांना नेऊन दिल्या. पावाचे आणि पोटाचे, दोन्ही पक्ष हुंदके देत होते. सरस्वतीबाईंनी तर नाक शिंकरलं.  धडा संपला होता, अगदी पुस्तकातल्यासारखा!

मॅडम उठल्या. "छान. आता मुलांना विचारते. जठरातून अन्न कुठं जातं?"

"ल्हान आतड्यात!" अख्खा मांड एका सुरात ओरडला.

"मी मुलांना विचारलं. तिथून?"

"रगतात!" सगळ्यात मोठा आवाज सखारामांचा होता.

मॅडमनी कपाळाला हात लावला. मुलांना येतं की गावाला, ते कळायला मार्ग नव्हता. वही बंद झाली. सदाशिव सर घाईघाईनं चहा घेऊन आले. सोबत ताटलीत पातळ भाजी आणि एक गरम उंडो.

मॅडमनी उंडो हातात घेतला, मोडायला गेल्या आणि थांबल्या. समोर ओंकार उभा होता. किरीट परत डोक्यावर चढला होता आणि तो डोळे न मिटता त्या उंड्याकडे बघत होता. 

"खाऊ का रे?" मॅडमनी हळूच विचारलं.

ओंकारनं विचार केला. "खावा, मॅडम. बारीक चावून खावा, म्हणजे जठराक तरास नाय. मगे तो ल्हान आतड्यात जातलो, रगतात मिसळतलो आणि तुमच्या बोटांपर्यंत येतलो. तुमी खाल्लास नाय, तर बोटांत जोर खंयसून येतलो? सही कशी करतलास?"

मॅडमनी घास तोंडात घातला. मागून कोणीतरी "एक" म्हणालं. मग सगळे मोजू लागले. बत्तीस होईपर्यंत त्यांना गिळू दिलं नाही. मग त्यांनी घोटभर चहा घेतला, वही उघडली आणि खेळाच्या खोलीच्या नावापुढे सही केली.